वाचकांचे प्रश्न : अभिषिक्त राजा ते मशीहा

प्राचीन इस्राएलचे राजे आणि मशीहाची अपेक्षा यांविषयी आलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. नावांची रूपे शक्यतो मराठी पवित्र शास्त्राप्रमाणे ठेवली आहेत.

प्रश्न : मशीहा म्हणजे शेवटी येणारा तारणारा, असेच आम्ही ऐकत आलो. मग शौलासारख्या अपयशी राजालाही ‘परमेश्वराचा अभिषिक्त’ का म्हटले आहे?

उत्तर : कारण मूळ शब्दाचा अर्थ तेवढाच आहे. हिब्रूतील ‘माशीआख’ म्हणजे ज्याला तेल लावले आहे असा माणूस. ग्रीकमध्ये त्याचे ‘ख्रिस्तोस’ झाले, तर मराठी भाषांतरकारांनी ‘अभिषिक्त’ हा शब्द घेतला. मराठीत अभिषेक म्हटले की पाण्याची धार डोळ्यांपुढे येते. इथे ती तेलाची आहे, एवढे लक्षात ठेवावे.

हिब्रू शास्त्रात हा शब्द ३९ च्या आसपास वेळा येतो. बहुतेक ठिकाणी तो गादीवर असलेल्या किंवा होऊन गेलेल्या राजासाठी आहे, लेवीय ४ मध्ये महायाजकासाठी. ‘युगाच्या शेवटी येणारा तो एक’ या अर्थाने तो निर्विवादपणे कुठेच येत नाही. दानीएल ९ मधल्या ‘अभिषिक्त अधिपती’विषयी आजही एकमत नाही.

१ शमुवेल २४ पाहा. इस्राएलचा पहिला राजा शौल, पुढे राजा होणाऱ्या दाविदाच्या जिवावर उठला आहे आणि एन-गेदीच्या गुहेत तो आयताच हाती लागतो. दावीद त्याच्या झग्याचा काठ कापतो, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाते. कारण एकच, समोरचा माणूस परमेश्वराचा अभिषिक्त आहे. शौल चांगला की वाईट, हा प्रश्नच तिथे येत नाही. पावित्र्य पदाला आहे, माणसाला नाही. पुढची सारी मशीहाची अपेक्षा याच फटीतून उगवली. माणूस पदाला अपुरा पडला, तरी पद आपल्या योग्यतेच्या माणसाची वाट पाहत राहते.

प्रश्न : राजाचा अभिषेक प्रत्यक्षात कसा होत असे? तेल कोणते, किती, क्रम काय?

उत्तर : सर्वांत सविस्तर वर्णन दाविदाचा मुलगा शलमोन याचे आहे (१ राजे १). त्याचा सावत्र भाऊ अदोनीया एन-रोगेलजवळ मेजवानी देऊन स्वतःला राजा म्हणवू लागला होता, म्हणून सगळे घाईने उरकले गेले. शलमोनाला दाविदाच्या स्वतःच्या खेचरावर बसवून गीहोन झऱ्याकडे खाली नेले. सादोक याजकाने पवित्र मंडपातून तेलाचे शिंग आणून त्याला अभिषेक केला. रणशिंग वाजले, लोकांनी ‘शलमोन राजा चिरायू होवो’ असा घोष केला, पावे वाजवत मिरवणूक वर शहरात आली आणि मग तो सिंहासनावर बसला. राजाच्या वाहनावर दुसऱ्याने बसणे म्हणजे वारसाहक्काची जाहीर घोषणाच. हे खेचर लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

सात वर्षांच्या योवाशाच्या वेळी (२ राजे ११, आजी अथल्येने बळकावलेली गादी त्याला परत मिळाली तेव्हा) आणखी दोन गोष्टी दिसतात. त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि त्याला ‘साक्षपट’, म्हणजे बहुधा कराराचा लेख, दिला. त्यानंतर तो मंदिरात ‘रिवाजाप्रमाणे’ खांबाजवळ उभा राहिला. म्हणजे राजाची ठरलेली जागा होती.

मात्र नुसत्या तेलाने कोणी राजा होत नसे. शौलाला शमुवेल संदेष्ट्याने एकांतात तेल ओतले. नंतर मिस्पा येथे चिठ्ठ्यांनी निवड झाली, अम्मोन्यांवरच्या विजयानंतर गिलगालात लोकांनी त्याचे राजेपण पक्के केले. दाविदाला तर तीन वेळा अभिषेक झाला : बेथलेहेमात शमुवेलाकडून, हेब्रोनात यहूदाच्या लोकांकडून, आणि पुन्हा हेब्रोनातच सर्व इस्राएलच्या वडील मंडळींकडून, तोही त्यांच्याशी करार झाल्यावर. हा लोकमान्यतेचा भाग हुकला की काय होते ते शलमोनाचा मुलगा रहबाम याने दाखवले. शखेमात लोकांनी जू हलके करण्याची मागणी केली, त्याने ते अधिक जड करीन असे उत्तर दिले, आणि इ.स.पू. ९३० च्या सुमारास दहा वंश कायमचे फुटून निघाले.

तेलाविषयी. निर्गम ३० मधली कृती अशी : पातळ गंधरस ५०० शेकेल, सुगंधी दालचिनी २५०, सुगंधी गवताचे देठ २५०, तज ५०० आणि एक हिन जैतुनाचे तेल. शेकेल सुमारे ११.४ ग्रॅमचा धरला तर मसाले साधारण १७ किलो होतात. हिन मात्र साडेतीन ते सहा लिटरांच्या दरम्यानच कुठेतरी बसतो. घरी मसाल्याचे तेल काढणाऱ्याला अडचण लगेच कळेल : एवढे तेल मसाल्यांना माखायलाही पुरणार नाही. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (यहुदी धर्मगुरूंच्या) चर्चांच्या संग्रहात, नेमका हाच वाद आहे. रब्बी यहूदाच्या मते मसाले तेलातच उकळले. रब्बी योसे म्हणतात, ते शक्य नाही. मसाले आधी पाण्यात भिजवले, मग वर तेल ओतले, तेलाने वास शोषून घेतला आणि ते अलगद काढून घेतले. व्यवहार पाहता योसेंचे म्हणणे मला पटते. ही कृती याजकांसाठी व मंडपासाठी सांगितलेली आहे. राजासाठीही हेच तेल वापरत, असे निर्गमात लिहिलेले नाही. पण ८९ व्या स्तोत्रात देव दाविदाविषयी ‘माझ्या पवित्र तेलाने’ म्हणतो, त्यावरून परंपरेने तसे धरले.

तालमूदमधले आणखी दोन बारकावे. राजाचा मुलगा राजा झाला तर अभिषेक लागत नाही, तो फक्त वारशाचा तंटा असेल तेव्हा. शलमोनाला अदोनीयामुळे, योवाशाला अथल्येमुळे आणि यहोआहाजाला थोरला भाऊ यहोयाकीम याच्यामुळे झाला. आणि दावीद, शलमोन यांना शिंगातून तेल ओतले म्हणून त्यांचे राज्य टिकले, शौल व येहू यांना कुपीतून ओतले म्हणून टिकले नाही. हे नंतरच्या रब्बींचे वाचन आहे, पण तेलाच्या भांड्यापर्यंत लोक किती बारकाईने पाहत, हे त्यातून दिसते.

प्रश्न : शमुवेल तर राजा नेमण्याच्या विरोधात होता. मग राजाला एवढे पावित्र्य कसे आले?

उत्तर : दोन्ही सूर शास्त्रात शेजारी शेजारी आहेत आणि कोणी ते मिटवले नाहीत, ही मोठीच गोष्ट आहे. १ शमुवेल ८ मध्ये शमुवेल बजावतो की राजा तुमचे मुलगे रथांसाठी घेईल, मुली स्वयंपाकाला घेईल, शेते घेईल, दशांश घेईल. अनुवाद (मोशेच्या नियमशास्त्राचे पाचवे पुस्तक) १७ राजाला मान्यता देते, पण तीन बंधने घालून : घोडे फार नकोत, बायका फार नकोत, सोनेरुपे फार नको. शिवाय नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यायची आणि आयुष्यभर रोज वाचायची.

आता शेजारी १ राजे १० आणि ११ ठेवा. शलमोनाचे १४०० रथ, १२,००० स्वार, ७०० राण्या, ३०० उपपत्नी, वर्षाला ६६६ किक्कार (मोठे वजनी माप) सोने. तिन्ही बंधने मोडलेली. अनुवादाचा लेखक शलमोनाकडे पाहूनच लिहीत होता, असे बरेच अभ्यासक मानतात. हीच बंधने नंतर मशीहाच्या वर्णनात उतरतात. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सेनापती पाँपे यरुशलेमात घुसल्यानंतरच्या काळातले ‘शलमोनाची स्तोत्रे’ नावाचे यहुदी लेखन आहे. त्यातल्या १७ व्या स्तोत्रातला येणारा दाविदाचा पुत्र घोडा, स्वार आणि धनुष्य यांवर भरवसा ठेवत नाही, युद्धासाठी सोनेरुपे साठवत नाही. म्हणजे मशीहा हा दाविदासारखा तर आहेच, शिवाय शलमोनाच्या चुका न करणारा राजाही आहे.

प्रश्न : नाथान संदेष्ट्याने दाविदाला दिलेले देवाचे वचन सशर्त होते की बिनशर्त?

उत्तर : या सदरातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि उत्तर आहे : दोन्ही.

२ शमुवेल ७ मध्ये दावीद गंधसरूच्या घरात राहतो आणि देवाच्या कराराचा कोश कनातीत आहे, म्हणून तो देवासाठी घर बांधू पाहतो. नाथान उलट निरोप आणतो की देवच दाविदाचे ‘घर’ बांधील. हिब्रू ‘बायित’ म्हणजे घरही आणि घराणेही. हा श्लेष मराठीत सहज उतरतो, इतका सहज की तो श्लेष आहे हेच विसरायला होते. वचन असे : तुझ्या पुत्राला मी पिता होईन, तो चुकला तर दंड करीन, पण शौलावरून काढली तशी माझी कृपा त्याच्यावरून काढणार नाही. तुझे सिंहासन सर्वकाळ टिकेल. अट नाही.

पण १३२ व्या स्तोत्रात ‘तुझे पुत्र माझा करार पाळतील तर’ असे आहे. १ राजे ८ व ९ मध्येही ‘तर’ आहे.

रहबामाच्या वेळी फुटलेल्या उत्तरेच्या राज्यात सुमारे २०० वर्षांत १९ राजे झाले, घराणी पुन्हा पुन्हा उलथली, आणि इ.स.पू. ७२२ मध्ये त्याची राजधानी शोमरोन पडली. दक्षिणेत, म्हणजे यहूदात, अथल्येची सहा वर्षे सोडता एकच घराणे जवळपास ४०० वर्षे टिकले. परकेही त्या राज्याला घराण्याच्या नावाने ओळखत. १९९३ मध्ये तेल दान येथे सापडलेल्या इ.स.पू. नवव्या शतकातल्या अरामी शिलालेखात ‘दाविदाचे घराणे’ असा उल्लेख आहे, आणि तो शत्रूने केलेला आहे.

इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या हल्ल्यात यरुशलेम जळाले तेव्हा ही दोन रूपे दोन वेगळी कामे करू लागली. ‘तर’ असलेल्या वचनाने अनर्थाचे कारण सांगितले : राजांनी करार मोडला. ‘तर’ नसलेल्या वचनाने पुढची वाट उघडी ठेवली : देवाने शब्द दिला आहे, तो फिरणार नाही. फक्त सशर्त वचन उरले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. फक्त बिनशर्त असते तर ५८६ नंतर ते खोटे ठरले असते. मशीहाची आशा या दोहोंच्या ताणात जन्मली.

तो ताण ऐकायचा असेल तर ८९ वे स्तोत्र एका बैठकीत वाचा. ३७ व्या वचनापर्यंत सर्वकाळच्या सिंहासनाची ग्वाही आहे. ३८ व्यापासून सूर फाटतो : तू आपल्या अभिषिक्ताला टाकलेस, त्याचा मुकुट धुळीत लोटलास. आणि मग ‘हे परमेश्वरा, कोठवर?’ राजदरबारातले स्तवन आशेचे गाणे होते ते या ठिकाणी, आणि तेही तक्रारीच्या रूपात.

प्रश्न : यशया ७ व ९ मधले बालक म्हणजे हिज्कीया की येशू? ही वचने वाचायची कशी?

उत्तर : आधी त्या वेळी गादीवर कोण होते ते पाहावे. यशया ७ चा काळ इ.स.पू. ७३५ च्या सुमाराचा आहे. अराम आणि उत्तरेचे इस्राएल मिळून यरुशलेमावर चालून आले आहेत आणि आहाज राजा घाबरला आहे. यशया म्हणतो, तरुणी गर्भवती आहे, तिला मुलगा होईल, आणि त्याला बरेवाईट कळू लागण्याआधी या दोन राजांचे देश ओसाड पडतील. ७३२ मध्ये दिमिष्क पडले. हे चिन्ह आहाजाला उपयोगी पडायचे, तर ते त्याच्या हयातीतच घडायला हवे होते. हिब्रू ‘अल्मा’ म्हणजे तरुणी. ग्रीक भाषांतरात ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा शब्द आला आणि मत्तयाने तो वापरला.

मग क्रियापदे पाहावीत. यशया ९ मध्ये ‘बालक जन्मले आहे’, म्हणजे घडलेली गोष्ट आहे. त्याची चार नावे, अद्भुत मंत्री, समर्थ देव, सनातन पिता, शांतीचा अधिपती, अनेक अभ्यासक मिसरच्या राजांना राज्यारोहणाच्या वेळी मिळणाऱ्या नामावलीशी ताडून पाहतात. दुसरे स्तोत्रही ‘तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला’ असे म्हणते. राजा गादीवर बसतो त्या दिवशी देवाचा पुत्र होतो, अशी ती भाषा आहे. आहाजाचा मुलगा हिज्कीया याच्याकडे बोट दाखवणारे वाचन त्यामुळे कमकुवत मुळीच नाही. तालमूदमध्ये एक रब्बी हिल्लेल (प्रसिद्ध हिल्लेल नव्हेत) म्हणतात की इस्राएलला आता मशीहा नाही, हिज्कीयाच्या दिवसांतच त्याचा उपभोग घेऊन झाला. रब्बी योसेफ त्यावर कळवळून म्हणतात, देव हिल्लेलांना क्षमा करो.

वाचकांचे चुकते ते इथे : जुना अर्थ सापडला की नवा खोटा, असे धरले जाते. प्रत्यक्षात हे शब्द कोणत्याही एका राजाला पूर्णपणे बसले नाहीत. हिज्कीयाचे राज्य ‘अनंत’ ठरले नाही. उरलेला भाग पुढच्या पिढीकडे गेला, तिथूनही उरला, आणि अखेर ज्याला तो पूर्ण लागू पडेल अशा राजाकडे डोळे लागले. यशया ११ मध्ये ‘इशायाच्या बुंध्याला धुमारा फुटेल’ असे आहे. इशाय म्हणजे दाविदाचा बाप. तिथे बुंधा तेवढा उरला आहे, झाड तोडले गेले आहे.

प्रश्न : राजाच उरला नाही तेव्हा लोक आशेने पाहत होते कोणाकडे?

उत्तर : आधी बाबेलातल्या कैदी राजाकडे. यहूदाचा राजा यहोयाखीन इ.स.पू. ५९७ मध्ये पकडून नेला गेला. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या शिधावाटपाच्या मातीच्या पाट्यांवर ‘यहूदाचा राजा’ म्हणून त्याचे नाव आहे, आणि त्याच्या पाच मुलांना अडीच सिला (बाबेलचे माप) तेल दिल्याची नोंद आहे. एक पाटी इ.स.पू. ५९२ ची आहे. ज्या घराण्याच्या डोक्यावर तेल ओतले जात होते, त्याला परक्याच्या कोठारातून मापून मिळणारे हे तेल. ही नोंद वाचताना मन हलते.

बाबेलने नेमलेला शेवटचा राजा सिद्कीया. त्याच्याविषयी विलापगीत ४ म्हणते, ‘आमच्या नाकपुड्यांतला श्वास, परमेश्वराचा अभिषिक्त, त्यांच्या खाचांत पकडला गेला.’ यिर्मया २३ मध्ये येणाऱ्या ‘धार्मिक अंकुरा’चे नाव आहे ‘परमेश्वर आमची धार्मिकता’, आणि ते सिद्कीयाच्या नावाचेच उलटून केलेले रूप आहे : तुम्हाला खरा सिद्कीया अजून मिळायचा आहे.

नंतर यहोयाखीनाचा नातू जरुब्बाबेल. यिर्मया २२ मध्ये देव म्हणाला होता, यहोयाखीन माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असता तरी मी त्याला उपटून टाकले असते. इ.स.पू. ५२० च्या डिसेंबरात हाग्गय संदेष्टा जरुब्बाबेलाला सांगतो, मी तुला मुद्रेची अंगठी करीन. शाप शब्दाला शब्द लावून उलटवला आहे. पण तो राजा झाला नाही. मंदिर ५१५ मध्ये पुरे झाले, त्या सोहळ्यात त्याचे नावही नाही. जखऱ्या ६ मध्ये मुकुट महायाजक यहोशवाच्या डोक्यावर चढतो. त्या ओळींत पूर्वी जरुब्बाबेलाचे नाव असावे, अशी शंका अनेकांना येते. तेव्हापासून आशा नाव घेणे टाळते.

प्रश्न : यशया ४५ मध्ये कोरेशाला, म्हणजे पारसाच्या परक्या राजाला, अभिषिक्त म्हटले आहे. ही चूक नव्हे?

उत्तर : नाही. त्याने इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल घेतले आणि बंदिवानांना परतण्याची मोकळीक दिली. राजाने करायचे काम त्याने केले, म्हणून राजाची उपाधी त्याला मिळाली. परक्याला ‘माशीआख’ म्हटल्याचे हिब्रू शास्त्रातले हे एकमेव उदाहरण.

प्रश्न : मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांत दोन मशीहा आहेत म्हणतात. ते कसे?

उत्तर : ‘संदेष्टा आणि अहरोनाचे व इस्राएलचे अभिषिक्त येईपर्यंत’ असे कुमरानच्या, म्हणजे या गुंडाळ्या जपणाऱ्या यहुदी समुदायाच्या, नियमात लिहिले आहे. एक याजक, एक राजा. आणखी एका गुंडाळीतल्या भोजनाच्या नियमात याजक आधी भाकरीवर आशीर्वाद मागतो, इस्राएलचा अभिषिक्त त्यानंतर हात लावतो. बंदिवासानंतर राजा नव्हता, महायाजक होता. जखऱ्या ४ मध्येही तेलाचे दोन पुत्र, म्हणजे दोन अभिषिक्त, शेजारी उभे आहेत. त्यात नंतर यहूदीयावर राज्य केलेल्या हसमोनी घराण्याचा कटू अनुभव मिसळला : ते याजक होते, दाविदाच्या वंशातले नव्हते, तरी इ.स.पू. १०४ पासून राजा ही पदवीही लावू लागले. दोन पदे एका हातात गेली की काय होते, हे पाहिलेल्यांनी ती पुन्हा वेगळी केली. ११० व्या स्तोत्राने मात्र राजालाच मलकीसदेकाच्या (उत्पत्तीतला राजा आणि याजक) रीतीचा याजक म्हटले होते. ख्रिस्ती परंपरेने तो धागा उचलला.

प्रश्न : येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला, यात राजेपण कुठे आहे?

उत्तर : शलमोनाच्या खेचरात. जखऱ्या ९ मधला राजा नम्र आहे, गाढवावर येतो, आणि लगेच पुढच्या वचनात एफ्राइमातले (उत्तरेच्या राज्यातले) रथ व यरुशलेमातले घोडे नाहीसे होतात. अनुवाद १७ चा घोड्यांवरचा निर्बंध इथे पुन्हा ऐकू येतो. वाटेवरच्या लोकांना खूण कळली होती. रोमनांनाही कळली. त्यांच्या राज्यात राजा रोमच ठरवी. हेरोदाला ती पदवी इ.स.पू. ४० मध्ये रोमच्या सिनेटने दिली होती. म्हणून येशूच्या वधस्तंभावरचा ‘यहुद्यांचा राजा’ हा फलक म्हणजे त्यांच्या लेखी राजद्रोहाचा आरोप होता.

मत्तय १ मधली वंशावळही राजघराण्याची आहे. १४ पिढ्यांचे तीन गट : दाविदाच्या हिब्रू नावातल्या अक्षरांची किंमत ४ + ६ + ४ = १४ होते. हा हिशेब बसवण्यासाठी योराम व उज्जीया यांच्यामधले तीन राजे, अहज्या, योवाश आणि अमस्या, गाळले आहेत. लूक ३ मध्ये वंश शलमोनाकडून न येता दाविदाचा आणखी एक मुलगा नाथान (संदेष्टा नाथान नव्हे) याच्याकडून येतो. दोन्ही याद्या जुळवायला बसू नये. प्रत्येक लेखक आपल्या परीने एकच दावा मांडतो आहे : हा दाविदाचा पुत्र.

प्रश्न : बार कोखबा स्वतःला मशीहा म्हणत होता का?

उत्तर : बार कोखबा हा रोमविरुद्धच्या यहुदी बंडाचा पुढारी. त्याच्या नाण्यांवर आणि पत्रांत तो ‘शिमोन, इस्राएलचा नासी’ आहे. नासी म्हणजे अधिपती. यहेज्केल ३४ व ३७ मध्ये येणाऱ्या दाविदासाठी हा शब्द आहे. काही नाण्यांवर ‘एलाजार याजक’ असेही आहे, म्हणजे याजक आणि राजा ही जोडी इ.स. १३२ ते १३५ च्या या बंडातही टिकून होती. मशीहा हे नाव त्याला रब्बी अकीवा यांनी दिले, गणना २४ मधल्या ‘याकोबातून निघणाऱ्या ताऱ्या’वरून. रब्बी योहानान बेन तोर्ता यांनी त्यांना उत्तर दिले, ‘अकीवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल, तरी दाविदाचा पुत्र आलेला नसेल.’

बाराव्या शतकात यहुदी पंडित मायमोनिदीझ यांनी मशीहा ओळखण्याची कसोटी लिहून ठेवली, तेव्हा अकीवांचा दाखला देऊनच त्यांनी सांगितले की मशीहाला चमत्कार करावे लागत नाहीत. दाविदाच्या घराण्यातला राजा उभा राहिला, नियमशास्त्राचे अध्ययन व पालन करू लागला, लोकांना त्या मार्गावर आणू लागला, परमेश्वराच्या लढाया लढला, तर तो मशीहा असावा असे धरावे. त्यात यश येऊन मंदिर त्याच्या जागी बांधले आणि विखुरलेले लोक गोळा केले, तर तो निश्चित. यातले एकही काम असे नाही, जे दाविदाच्या किंवा शलमोनाच्या गादीचे काम नव्हते.